चहा, कॉफी आणि प्रोस्टेटचा कॅन्सर: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूळ शंका आहेत आणि शेवटी उपचार चालू असलेल्यांच्या अडचणी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चहा-कॉफीने प्रोस्टेटचा कॅन्सर होतो का?

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. चहा-कॉफीने तिचा कॅन्सर होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या संशयावरून कॉफीला 'कदाचित कर्करोगकारक' ठरवलं होतं. २०१६ मध्ये सगळा पुरावा नव्याने तपासून तिने तो शिक्का काढून घेतला. प्रोस्टेटच्या बाबतीत कॉफीचा कर्करोगकारक परिणाम दिसत नाही, असंही तेव्हा नोंदवलं. त्याच बैठकीत अतिगरम पेयांवर मात्र ठपका बसला. तो प्रोस्टेटसाठी नव्हता, त्याविषयी प्रश्न १६ पाहा.

या कॅन्सरची पक्की कारणं वेगळी आहेत. वाढतं वय, वडिलांना किंवा भावाला तोच आजार असणं आणि बीआरसीए-२ सारखा जनुकदोष, ही त्यातली मुख्य. यातलं एकही चहा-कॉफीच्या कपात नसतं.

२. 'कॉफी प्या, प्रोस्टेट कॅन्सर टाळा' अशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती खोटी आहे का?

खोटी नाही, अर्धी आहे. बातमीमागे खरे अभ्यास आहेत. हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे ४८ हजार अमेरिकी पुरुषांचा १९८६ पासून वीसेक वर्षं मागोवा घेतला. दिवसाला सहा किंवा जास्त कप कॉफी घेणाऱ्यांत हा कॅन्सर एकूण १८ टक्के कमी आढळला आणि जिवावर बेतणारा प्रकार ६० टक्के कमी. २०११ मध्ये हे छापून आलं आणि जगभर गाजलं. २०१७ मध्ये इटलीतल्या मोलिसे भागातल्या सुमारे सात हजार पुरुषांवरचा अभ्यास आला. तिथे तीन कपांपेक्षा जास्त कॉफी घेणाऱ्यांत धोका निम्म्यावर दिसला, पण त्या सगळ्या अभ्यासात रुग्ण होते जेमतेम शंभर. २०२१ मध्ये सोळा अभ्यासांची, म्हणजे दहा लाखांवर पुरुषांची आणि ५७ हजारांवर रुग्णांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा फायदा ९ टक्क्यांवर आला. दर जादा कपामागे जेमतेम १ टक्का.

आकडा असा उतरत जातो तेव्हा सावध व्हायला हवं. त्यातच युरोपातल्या 'एपिक' या प्रचंड अभ्यासात, १ लाख ४२ हजार पुरुष आणि ७ हजारांवर रुग्ण असूनही, ना कॉफीचा संबंध सापडला ना चहाचा. फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये हा अभ्यास नसतो, कारण 'काही सापडलं नाही' ही बातमी होत नाही.

३. ९ टक्के कमी म्हणजे माझ्यासाठी नेमकं किती?

उदाहरणापुरतं समजा, तुमच्या वयाच्या १००० पुरुषांपैकी २० जणांना पुढच्या काही वर्षांत हा आजार होणार आहे. ९ टक्के कमी म्हणजे २० चे साधारण १८. हजारात दोन माणसांचा फरक, तोही कॉफीमुळेच पडला असं गृहीत धरून. टक्के कशाचे आहेत हे विचारल्याशिवाय कोणतीही आरोग्यबातमी पुढे ढकलू नये.

४. फायदा दिसतोय, तोटा नाही. मग डॉक्टर 'कॉफी सुरू करा' असं का म्हणत नाहीत?

कारण हे बहुतेक अभ्यास 'कोण काय पितो आणि त्याला पुढे काय होतं' एवढंच बघतात. कोणाला कॉफी द्यायची नि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नसतं. त्यातून तीन घोटाळे होतात.

पहिला सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला लघवीचा त्रास सुरू झाला आहे तो माणूस आपणहून कॉफी कमी करतो, कारण कॉफीने घाई वाढते. तोच माणूस डॉक्टरकडे जातो, त्याची पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ताची) चाचणी होते आणि कॅन्सर असेल तर तो सापडतो. कागदावर मात्र दिसतं की कॉफी न पिणाऱ्यांत कॅन्सर जास्त. इथे कारण आणि परिणाम यांची जागाच उलटली. दुसरा घोटाळा तपासणीचा: जो समाज जास्त पीएसए करतो तिथे निरुपद्रवी, सावकाश वाढणारे कॅन्सरही जास्त सापडतात. तिसरा सवयींचा. कॉफीसोबत सिगारेट, नोकरीचा प्रकार, वजन, व्यायाम असं बरंच काही बदलतं आणि गणितात ते सगळं वेगळं काढता येत नाही.

यावर एक उपाय म्हणजे जन्मतः मिळालेल्या जनुकांवरून कॉफीची ओढ ओळखणं. जनुकं लघवीच्या त्रासामुळे बदलत नाहीत, त्यामुळे पहिला घोटाळा टळतो. २०१७ मध्ये या पद्धतीने केलेल्या मोठ्या विश्लेषणात कॉफी आणि प्रोस्टेट कॅन्सर यांच्यात स्पष्ट कारणसंबंध निघाला नाही. म्हणून आमचं मत सरळ आहे: आवडते म्हणून कॉफी पीत असाल तर खुशाल प्या, पण प्रोस्टेटसाठी म्हणून सुरू करू नका.

५. अभ्यासातला 'एक कप' आणि ठाणे स्टेशनबाहेरची कटिंग सारखीच का?

मुळीच नाही. पाश्चात्त्य अभ्यासांतला कप साधारण १५० ते २४० मिलि धरतात. टपरीवरची कटिंग असते ६० ते ८० मिलि. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे १५० मिलि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२०. म्हणजे एका कटिंगमध्ये साधारण १२ ते ३५ मिलिग्रॅम. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली आहे. आठ कटिंगसुद्धा कॅफिनच्या हिशेबात त्या मर्यादेत बसतात. साखरेच्या हिशेबात बसत नाहीत (प्रश्न ९).

महापे-ऐरोलीच्या ऑफिसांतल्या मशीनमधून येणारी कॉफी बहुधा इन्स्टंट पावडर, दूध पावडर आणि साखर यांचं तयार मिश्रण असते. तिला अभ्यासातली काळी कॉफी समजून कप मोजण्यात अर्थ नाही.

६. आपल्या दुधाच्या, उकळलेल्या चहाबद्दल काही माहिती आहे का?

नेमका आपला चहा घेऊन केलेला, भरवशाचा मोठा अभ्यास आमच्या पाहण्यात नाही. काळ्या चहाबद्दल स्कॉटलंडचा एक अभ्यास मात्र लोकांना घाबरवून गेला. १९७० ते ७३ दरम्यान नोंदवलेल्या ६ हजारांवर पुरुषांत, दिवसाला सातपेक्षा जास्त कप चहा घेणाऱ्यांना तीन किंवा कमी कप घेणाऱ्यांपेक्षा हा कॅन्सर ५० टक्के जास्त झाला. पण ३७ वर्षं चाललेल्या त्या अभ्यासात चहा जास्त पिणारे इतर बाबतींत निरोगी होते. ते जास्त जगले असतील तर हा म्हातारपणीचा आजार त्यांच्यातच जास्त दिसणार, ही शक्यता संशोधकांनीच मांडली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत काळ्या चहाचा असा धोका टिकला नाही (एपिक, प्रश्न २).

आपली सीटीसी, म्हणजे दाणेदार चहा पावडर पूर्ण ऑक्सिडाइज झालेली असते. त्यामुळे ग्रीन टीतली कॅटेचिन नावाची रसायनं तिच्यात थोडीच उरतात. बाकीची थिआफ्लेविन वगैरे रसायनांत बदललेली असतात. दूध घातल्याने चहाचे 'गुण' संपतात का, यावर प्रयोगांचे निकाल उलटसुलट आहेत. या मुद्द्यावर घरात भांडण करू नये.

७. ग्रीन टी तरी सुरू करू का?

आवडत असेल तर करा. जपानमध्ये सुमारे ५० हजार पुरुषांच्या अभ्यासात (२००८) दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी घेणाऱ्यांत पुढच्या टप्प्यातला कॅन्सर जवळजवळ निम्मा दिसला, पण ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर मात्र तेवढाच. असल्या निरीक्षणांची पारख चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात होते, आणि तसे दोन प्रयोग ठळक आहेत. २००६ मध्ये इटलीत, कॅन्सरपूर्व बदल असलेल्या ६० पुरुषांपैकी अर्ध्यांना रोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिन दिली. वर्षभरात त्या ३० जणांपैकी एकाला कॅन्सर निघाला आणि दुसऱ्या ३० पैकी नऊ जणांना. लोक हुरळले. पुढे अमेरिकेत ९७ पुरुषांवर असाच प्रयोग झाला, २०१५ मध्ये निकाल आला आणि कॅन्सरच्या संख्येत लक्षणीय फरक सापडला नाही. गोष्ट सध्या तिथेच थांबली आहे.

करायची पद्धत: पाणी उकळून दोन-तीन मिनिटं निववा, २ ग्रॅम पत्ती, दोन ते तीन मिनिटं झाकण. उकळत ठेवलात तर कडू होईल आणि तुम्ही मध घालत बसाल.

८. ग्रीन टीचा अर्क असलेल्या कॅप्सूल जास्त परिणामकारक नाहीत का? जिमवाले देतात.

घेऊ नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये बजावलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणं दिसतात. कपातून एवढी मात्रा एकदम पोटात जात नाही, उपाशीपोटी घेतलेल्या कॅप्सूलमधून जाते. आधीच यकृतावर भार टाकणारी औषधं चालू असतील (प्रश्न १३) तर धोका आणखी वाढतो.

९. मग चहात खरी काळजी करावी असं काही आहे की नाही?

आहे. साखर. एका कटिंगला दीड चहाचा चमचा धरला तर ६-७ ग्रॅम. सकाळी घरी दोन, स्टेशनबाहेर एक, ऑफिसात तीन, असे सहा झाले की चाळीस ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की २००० कॅलरीच्या आहारात जादा साखर ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. चहातच ती बहुतेक संपते, बिस्किटं अजून मोजायची आहेत.

साखर थेट प्रोस्टेटचा कॅन्सर करते असं म्हणणं चूक ठरेल. ती पोटाचा घेर वाढवते, आणि लठ्ठपणा व पुढच्या टप्प्यातला प्रोस्टेट कॅन्सर यांच्या संबंधाचा पुरावा कॉफीच्या फायद्याच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. गुळाचा चहा हा पळवाटेचा प्रकार आहे, गूळ साखरच आहे. कमी करायची तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ महिन्याभरात जुळवून घेते. टपरीवर 'साखर कमी' सांगून उपयोग नसतो, कारण चहा पातेल्यातच गोड होऊन येतो. तिथे अर्ध्या फेऱ्या कमी करणं सोपं.

१०. दुधाने प्रोस्टेट कॅन्सर वाढतो असं ऐकलं. दुधाचा चहा बंद करू का?

पुरावा आहे, पण 'सूचक' या पातळीचा, पक्का नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथीयांच्या अभ्यासात (२०२२) रोज सुमारे ४३० ग्रॅम दूधदुभतं घेणाऱ्यांत धोका, रोज फक्त २० ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांश जास्त दिसला. आता हिशेब करा: निम्मं दूध असलेल्या चार कटिंगमध्ये मिळून १२० ते १६० मिलि दूध जातं. चहापुरतं दूध हा काळजीचा विषय नाही. रोज अर्धा-पाऊण लिटर दूध, वर बासुंदी चहा आणि पनीर असेल तर थोडं आवरा.

गवती चहा, आलं, वेलची यांनी चव येते. गवती चहात चहाची पत्तीच नसते, त्यामुळे कॅफिन नाही. रात्री काहीतरी गरम हवं असेल तर तो चांगला.

११. चहा प्यायलो की लगेच लघवीला पळावं लागतं. हा प्रोस्टेट कॅन्सर तर नाही?

बहुधा नाही. कॅफिन मूत्राशयाला चेतवतं, आणि पन्नाशीनंतर बहुतेकांची प्रोस्टेट ग्रंथी साधीच, कॅन्सरविना वाढते. दोन्ही एकत्र आलं की घाई. सुरुवातीचा प्रोस्टेट कॅन्सर सहसा काहीच लक्षण दाखवत नाही, म्हणून 'त्रास नाही म्हणजे सगळं ठीक' हेही खरं नाही.

लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. पनवेलहून हार्बरने सीएसएमटीला जायला सव्वा तासाच्या वर लागतो. घरून निघताना मोठा कप पिऊन गाडीत बसलात तर कॅफिनचा जोर अर्ध्या ते एका तासात, म्हणजे बरोबर मधल्या स्टेशनांवर येतो. तो कप उतरल्यावर प्या. रात्री दोनदा-तीनदा उठावं लागत असेल तर दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद करा. कॅफिन निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात. झोपण्याआधी दोन तास पाणीही बेतानेच.

दोन आठवडे हे करून फरक पडला नाही, धार बारीक झाली किंवा लघवी अडली तर डॉक्टरकडे जा. लघवीत रक्त दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका.

१२. पीएसए चाचणीच्या दिवशी चहा चालतो का? आणि ही चाचणी करायची कधी?

चालतो, उपाशी राहायची गरज नाही. त्याच रक्तात साखर किंवा लिपिड तपासायचं असेल तर मात्र त्या चाचण्यांचा नियम लागू. पीएसए फसवा वाढवणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच आहेत: आधीच्या ४८ तासांत वीर्यपतन किंवा लांबची सायकलिंग (पाम बीच रोडवर पहाटे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा), लघवीतला संसर्ग, नुकतीच नळी घातलेली असणं. संसर्ग बरा झाल्यावर सुमारे सहा आठवडे थांबा. उलट वाढलेल्या प्रोस्टेटसाठीची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी चालू असेल तर सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्मा दिसतो. डॉक्टरला हे सांगितलं नाही तर वाढलेला आकडा 'नॉर्मल' म्हणून निसटतो.

वय ५० झालं की डॉक्टरशी या चाचणीविषयी बोला. वडील किंवा भाऊ यांना आजार असेल तर ४५ ला आणि बीआरसीए-२ दोष असेल तर ४० ला. रक्त घराजवळच्या चांगल्या लॅबमध्ये देता येतं. आकडा वाढलेला निघाला तर मूत्ररोगतज्ज्ञ गाठा. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं केंद्र आहे. तिथे जाण्याची वेळ त्यानंतरची, रिपोर्ट हातात घेऊन.

१३. बाबांना अ‍ॅबिराटेरोन ही प्रोस्टेट कॅन्सरची गोळी चालू आहे. गोळी सकाळच्या चहासोबत दिली तर?

देऊ नका. ही चूक घरोघर होते, कारण 'उपाशीपोटी' म्हणजे 'जेवणाआधी' आणि चहा काही जेवण नाही, असा आपला समज. दुधाचा चहा आणि त्यासोबतची खारी किंवा बिस्किटं या गोळीसाठी अन्नच आहे. चरबीयुक्त अन्नासोबत या औषधाचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकतं. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, गोळी साध्या पाण्यासोबत. सोपी वेळ: पहाटे उठल्यावर गोळी, तासाभराने चहा.

अपवाद महत्त्वाचा आहे. काही डॉक्टर खर्च वाचवण्यासाठी मुद्दाम कमी मात्रा अन्नासोबत देतात. चिठ्ठीवर तसं लिहिलं असेल तर तेच पाळा आणि दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नका. याच आजारावरच्या एन्झालुटामाइड या दुसऱ्या औषधाला खाण्याचं बंधन नाही. हार्मोन उपचारात हाडांसाठी अ‍ॅलेन्ड्रोनेट दिलं असेल तर तेही फक्त साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने. लोहाची गोळी चालू असेल तर जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, त्याने लोह कमी शोषलं जातं.

१४. रेडिएशन किंवा ऑपरेशननंतर चहा-कॉफी चालेल का?

बंदी नाही, पण प्रमाण कमी ठेवा. रेडिएशनमध्ये मूत्राशयाचं अस्तर हुळहुळं होतं आणि कॅफिनने जळजळ नि घाई वाढते. रोजच्या सेशनआधी मूत्राशय ठरावीक भरलेलं ठेवायला सांगतात, ते पाण्याने भरा. चहाने भरलंत तर टेबलवर पडून राहणं अवघड जाईल. प्रोस्टेट काढल्यानंतर लघवी गळत असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत दिवसाला एक-दोन कटिंग पुरे.

१५. फिल्टर कॉफी, डिकॅफ, इन्स्टंट यांत प्रोस्टेटच्या दृष्टीने फरक पडतो का?

हार्वर्डच्या अभ्यासात (प्रश्न २) डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी पिणाऱ्यांतही तसाच संबंध दिसला. म्हणजे काही असलंच तर ते कॅफिनमुळे नसावं. फरक पडतो तो कोलेस्टेरॉलला. धातूच्या फिल्टरमधून कॉफीतलं कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य बऱ्यापैकी खाली उतरतं आणि ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी फिल्टर ते अडवतो, इन्स्टंटमध्ये ते नगण्य असतं. हार्मोन उपचारावर असलेल्यांनी हृदयाची काळजी जास्त घ्यायची असते, म्हणून हे सांगितलं. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचा. नियमाने ते ४९ टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि चिकोरीत कॅफिन नसतं.

१६. वाफाळता चहा आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं पार्सल, यांनी कॅन्सर होतो का?

६५ अंशांपेक्षा गरम पेयं आयएआरसीने 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली आहेत, ती अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. कपात ओतल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. जीभ भाजत असेल तर अजून थांबा. प्लास्टिकबद्दल: आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या प्रयोगात, आतून प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी कपातल्या १०० मिलि गरम पाण्यात पंधरा मिनिटांत सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण उतरले. त्यांचा प्रोस्टेट कॅन्सरशी संबंध सिद्ध झालेला नाही, पण ऑफिससाठी सहा कटिंग पातळ पिशवीत बांधून न्यायचं काही कारणही नाही. स्टीलचा थर्मास न्या.

१७. बायोप्सी (प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासणी) सकाळी नऊला आहे. 'फक्त चहा' घेऊन गेलं तर चालेल ना?

भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन देणार असतील तर दुधाचा चहा सहा तास आधी बंद. दूध पोटात गोठतं आणि त्याला हलक्या जेवणासारखंच धरतात. बिनदुधाचा गाळलेला कोरा चहा किंवा काळी कॉफी साधारण दोन तास आधीपर्यंत चालते, पण आपल्या भूलतज्ज्ञाने वेगळी वेळ दिली असेल तर तीच खरी. चुकून दुधाचा चहा प्यायला गेलाच तर लपवू नका. प्रक्रिया पुढे ढकलतील, एवढंच. फक्त जागा बधिर करून बायोप्सी असेल तर नियम बहुधा सैल असतो. अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्याच फोनवर विचारा.